तुमच्या जपानी बागेतला म्हसोबा

अहो,

उद्या सकाळी आपल्या अंगणात ओटा बांधायला माणसं येणार आहेत. तुमच्या त्या उभ्या दगडाभोवती! वर पत्र्याचं शेड, पुढे घंटा. सिमेंट गल्लीतले पुढारी बापूराव देतायत. आज सकाळपर्यंत मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. विचारायचं कुणाला? बाग तुमची, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

झालं असं, तुमची तेरवी झाली आणि पुढच्या अमावस्येला शेजारच्या गयाकाकूंनी त्या दगडाला तेल-शेंदूर फासला, नारळ फोडला. मी उठून बघते तर तुमचा काळा दगड लालभडक! बघता बघता त्याचा म्हसोबा झाला. बायका लिंबू, अगरबत्ती घेऊन येतात, प्रदक्षिणा घालतात. तुम्ही दाताळ्यानं खडीत ओढलेल्या लाटा पार विस्कटून गेल्यात.

आपली मनीषा पुण्याहून आलीय. ती म्हणते, "आई, थिनरचा बोळा घे आणि पुसून टाक. बाबांचं डिझाइन आहे ते." बोलायला काय जातंय! एकदा चढलेला शेंदूर उतरवायचा कुणी? माझा हात धजत नाही.

खरं सांगू? मला तुमची ही बाग कधी कळलीच नाही. चित्रकलेचे मास्तर तुम्ही, जन्मभर पोरांना डोंगरामागून उगवणारा सूर्य काढायला लावलात. मग रिटायर झाल्यावर हे जपानी खूळ कुठून शिरलं डोक्यात? मी म्हणायची, मोगरा लावा, गुलाब लावा. तुम्ही म्हणायचात, "टँकरच्या पाण्यावर मोगरा? सुमन, ही बाग पाणी मागत नाही. यात खडी हेच पाणी." गोदावरी एवढ्या जवळ, आणि गेवराईतला माझा नवरा खडीला पाणी म्हणतोय! मी कपाळावर हात मारला.

आणि ते कुंपण! सेंट्रिंगच्या चांगल्या फळ्या तुम्ही आगीवर धरून काळ्याठिक्कर केल्यात. धूर बघून गयाकाकू पाण्याची बादली घेऊन धावत आल्या होत्या, आठवतं?

"आवो मास्तर, चांगलं लाकूड जाळताय कावून?"

जळालेल्या लाकडाला वाळवी लागत नाही, जपानात असंच करतात, हे तुम्ही त्यांना किती प्रेमानं समजावलंत. काकू बादली तशीच घेऊन परत फिरल्या. "लई शिकलं की असं व्हतंय," म्हणाल्या. मी पदर तोंडाला लावून हसत होते.

दगडाचा दिवस तर मी विसरणारच नाही. कुणाच्या तरी विहिरीच्या खोदकामातला तो धोंडा जेसीबीनं आणलात आणि निम्मा मातीत पुरलात. "पुरायचाच होता तर एवढा मोठा आणला कशाला?" मी विचारलं. "तो जमिनीतून उगवल्यासारखा दिसला पाहिजे," म्हणालात. बरं, उगवला! तरी तुमचं समाधान होईना. थोडा डावीकडे घ्या, थोडा मागे घ्या. फाटकाजवळच्या बसक्या दगडावर जाऊन बसायचं, बघायचं, परत उठायचं. जेसीबीवाला वैतागला. "मास्तर, धोंडाच हाय, कुठं बी चालतोय की!" तुम्हाला मात्र कुठेही चालत नव्हता. का हो?

काल मी गयाकाकूंना सरळच विचारलं, "काकू, हा देव आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाया पायजे? मास्तर रोज सकाळी त्येच्याम्होरं बसायचे. चहा व्हईपर्यंत हलायचे न्हाईत. देव असल्याबिगर माणूस धोंड्याकडं एवढं बघतंय व्हय?"

त्यांचं तरी काय चुकलं? मलाही तेच कोडं होतं. म्हणून आज सकाळी पहिल्यांदाच तुमच्या त्या बसक्या दगडावर जाऊन बसले.

तिथे बसलं की एका बाजूला उभा दगड शेजारची पाण्याची टाकी झाकतो आणि दुसऱ्या बाजूला कुंपण रस्ता झाकतं. मधे जेवढं उरतं तेवढ्यात आपल्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. दुसरं काही दिसतच नाही. आत मनीषा चहा ठेवत होती. तिची पाठ दिसली, वेणी दिसली, साखरेचा डबा काढायला वर गेलेला हात दिसला.

मी बसूनच राहिले.

अहो, माझी पाठ बघायला एवढा खटाटोप? जेसीबी आणून? आणि मी आत भांडी आपटत बडबडायची, "बसलेत दगडाकडे बघत!" तोंडानं सांगायला काय झालं होतं? एकदा हाक तरी मारायचीत! इतका राग आला तुमचा, आणि मग रडू आवरेना.

मला रडताना बघून गयाकाकू आल्या. मी त्यांना माझ्या जागी बसवलं आणि म्हटलं, "बघा आता मास्तर काय बघायचे ते." काकूंनी दगड बघितला, कुंपण बघितलं, मग खिडकी. खिडकीतल्या मनीषाची पाठ बघितली. मग कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आगं बया! मी शेंदूर भलत्यालाच लावला की!" आणि आम्ही दोघी हसत सुटलो. मनीषा गाळणं हातात घेऊन बाहेर आली, काय झालं म्हणून.

ओटा झाला असता, शेड उभं राहिलं असतं, तर खिडकीच झाकली असती. काकू स्वतः बापूरावांकडे गेल्यात. "वट्याचं मी बघती, तू जीवाला घोर लावू नगंस," म्हणाल्या.

शेंदूर मात्र मी राहू देणार आहे. लोकांनी नमस्कार केला तर दगडाचं काय बिघडतंय? दाताळं कसं ओढायचं ते मोबाईलवर बघून शिकेन.

एकाच गोष्टीला उपाय नाही. त्या दगडावर मी बसले की स्वयंपाकघरात कुणी नसणार, आणि स्वयंपाकघरात गेले की दगडावर कुणी नसणार. तरी तुम्हाला शब्द देते, आजच शेगडी खिडकीखाली हलवून घेते. उद्यापासून चहा तुमच्याकडे तोंड करून करीन.

तुमचीच,
सुमन