नागवेलीवरचं धोतर

प्रिय अप्पा,

आईची नागवेल काळी पडली. कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून तीन दिवस टाळलं. पण काल खालच्या मजल्यावरच्या कानडी शांताक्कांनी जे सांगितलं, ते ऐकल्यापासून तुमच्या फोटोकडे बघवत नाही. म्हणून लिहायला बसले.

जे. पी. नगरात थंडी ती कितीशी, असं मीच म्हणायचे ना! या आठवड्यात अचानक असा गारठा पडला की ऑफिसात लोक कानटोप्या घालून बसले. मोबाइलवर इशारा आला होता. मी वाचला आणि सोडून दिला. दुसऱ्या सकाळी वेलीची पानं उकडल्यासारखी लोंबत होती.

आईनं निपाणीहून मांडीवर कुंडी घेऊन आणलेली वेल! आई गेल्यावर रोज जेवणानंतर एक पान तिच्या फोटोपुढे, एक तुम्हाला.

गारठा वाढला की तुम्ही वेलीवर धोतर घालायचात. चार काठ्या रोवून, पानांना कापड टेकू न देता, कडेला चिमटे लावून. ऊन आलं की काढायचात. आपली गॅलरी नेमकी गेटसमोर. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकून हसलं आणि मी तुमच्यावरच तोंड टाकलं. "अप्पा, हे काय सिमला आहे? लाज वाटते मला!" तुम्ही एकेक चिमटा काढलात, धोतराची घडी घातलीत. तुम्ही एका शब्दानं तरी मला रागवायचं होतंत!

तो सबंध हिवाळा वेल उघडीच होती, असं मी समजले. संक्रांतीला हिरवी पानं दाखवून वर म्हटलंही, "बघा, झालं का काही?" तुम्ही हसून म्हणालात, "तुझंच बरोबर." त्याच भरवशावर यंदा मी तिला उघडी ठेवली.

काल शांताक्का वेल बघायला वर आल्या. मी म्हटलं, अप्पा असताना तर न झाकताही टिकली होती.

"न झाकता? स्वल्प थांब. अगं, रोज संध्याकाळी लिफ्टनं कुंडी आमच्या बंद गॅलरीत आणून ठेवायचे की ते! सकाळी तू उठायच्या आत वर नेणार. 'पोरीला लाज वाटते, तिला सांगू नका,' म्हणाले. सरी, बरं, म्हटलं आम्ही."

त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, अप्पा? मी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, हेब्बाळच्या ऑफिसातून दमून यायचे, पडदा सारून बाहेर बघायचेही नाही. धोतराची लाज वाटली, तुमच्याशी तसं बोलल्याची नाही वाटली. आज वाटते. आता ती कुणाला सांगू?

तुमची धोतरं मी देऊन टाकली. एकच उरलं होतं, तेही गाडी पुसायला. काल दोनदा धुतलं. डाग गेले नाहीत.

शांताक्कांनी बुंध्याशी नखानं खरवडून दाखवलं, आत अजून हिरवं आहे. फुटेल की नाही, ते त्यांनाही सांगता येईना.

पण गारठा आहे तोवर रोज संध्याकाळी ते धोतर वेलीवर असेल, काठ्या रोवून, गेटसमोरच. आज ग्रुपवर विचारणा झालीच, तिसऱ्या मजल्यावर हे काय लटकतंय? मी लिहिलं, "माझ्या अप्पांचं धोतर आहे. दर हिवाळ्यात दिसेल."

तुमची,
सुमा