काकवी लावलेली बर्ली

अण्णा, गेल्या शनिवारी कांदिवलीच्या सभेत एका बाईने उठून मला विचारलं, "ताई, तुमच्या घरात कोणी तंबाखू ओढायचं का?" प्रश्न खवचट नव्हता. तिचा नवरा विडीपायी खंगतो आहे, तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. मी आयुष्यभर बोलत आले. मशेरीवर बोलले, दारूच्या गुत्त्यांवर बोलले, रेशनच्या मापावर बोलले. आडवा प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसवूनच मी पुढे गेले आहे. त्या बाईला मात्र मी म्हटलं, "ओढायचं, माझे वडील," आणि पाण्याचा पेला उचलला. पुढचं वाक्य आलंच नाही. लोकांना वाटलं, ताईंना गहिवरून आलं. गहिवर कसला? मला काय म्हणायचं आहे तेच मला कळेना. इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन आणि अजून मला या एका गोष्टीवर बाजू घेता येत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आई गेल्यानंतरचे ते दिवस. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालेलं. विमानतळाच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन तुम्ही अंधेरीच्या दोन खोल्यांत एकटे, मी मुलुंडला. शाळेतली कायमची नोकरी सोडून मी संघटनेचं पूर्णवेळ काम धरलं, ते तुम्हाला पटलं नव्हतं. "नाक्यावरची नोकरी" म्हणायचात तुम्ही त्याला. त्यावरून आपण जेवढं भांडायचं तेवढं भांडून झालं होतं. रविवारी घाटकोपरला उतरून अंधेरीची बस धरायची, येताना बांगडे आणायचे, ते तळायचे, आपण जेवायचं. "मीठ बरोबर आहे?" "आहे." मग तुम्ही गॅलरीतल्या खुर्चीत पाइप घेऊन बसायचात आणि मी वर्तमानपत्र उघडायची. मैदानावर तासभर बोलणारी मी, आणि नव्या पोरांना इंजिनाचा एकेक भाग तोंडपाठ करून देणारे तुम्ही, चहाच्या वेळेपर्यंत दोघंही गप्प. निघताना मी म्हणायची, "येते." तुम्ही मान हलवायचात. बसमध्ये बसल्यावर मला दर वेळी वाटायचं, कशाला येते मी?

मग तो डबा संपला. विमानावर जाणारी माणसं वर्षानुवर्षं तुमच्यासाठी परदेशातून पाइपच्या तंबाखूचा तो गोल डबा आणत होती. निवृत्तीनंतर वर्षभर कुणी ना कुणी आठवणीने पाठवलाही, मग बंद झालं. फोर्टात चोरट्या मालाच्या फुटपाथवर तो मिळायचा, पण त्याची किंमत ऐकून तुम्ही परत फिरलात. एका रविवारी तुम्ही डब्याचा तळ चमच्याने खरवडत होतात. वर न बघता म्हणालात, "बाय, घाटकोपरला तुझी बस सुटते तिथे एक तंबाखूवाला आहे म्हणतात. स्वस्तातलं काही याच्या जवळपासचं मिळालं तर बघ. नाही मिळालं तर राहू दे." तुम्ही माझ्याकडे कधी काही मागितलं होतं, असं मला आठवत नव्हतं. माझ्या पिशवीत तेव्हा आमच्या पत्रकांचा गठ्ठा होता, त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं, 'तंबाखू सोडा, संसार जोडा'. मी म्हटलं, "बघते."

दुकानदार गुजराती, गोल चेहऱ्याचा. मला बघितल्याबरोबर गल्ल्यावरून उठलाच. "ताई, तुमीच ना त्या? स्टेशनबाहेर माईकवर? तंबाखू विकणारा म्हणजे घरात शिरलेला साप?"

"हो, मीच."

"मग बोला ना, सापाकडून काय पाहिजे?"

मागे उभे असलेले दोन हमाल हसले. मान ताठ ठेवून मी सांगितलं, पाइपची तंबाखू, स्वस्तातली, वडिलांसाठी. तो पुडा काढता काढता म्हणाला, "सगळे वडिलांसाठीच नेतात, ताई."

पहिला पुडा तुम्ही पेटवलात, दोन झुरके घेतलेत आणि म्हणालात, "ओलं गोणपाट." दुसऱ्याला अत्तराचा वास होता. "ही देव्हाऱ्यात लाव, मी काय उदबत्ती आहे ओढायला?" तिसऱ्या वेळी त्याने मला बर्ली नावाची सुटी तंबाखू दिली, तपकिरी, कोरडी, हातात घेतली की कुरकुरणारी, सगळ्यात स्वस्त. ती तुम्ही तळापर्यंत ओढलीत. मग पाइप हातात घेऊन माझ्याकडे वळलात. "ही जीभ चावते आणि भराभर जळते. पण हाड तेच आहे. बर्लीला स्वतःची गोडी नसते बाय, तिला पाजाल ते ती पिते. त्या डब्यात मुळात हीच असणार. कुणीतरी शहाण्याने तिला काहीतरी पाजलंय. काय पाजलंय ते आपल्याला शोधायला हवं."

आपल्याला, म्हणालात तुम्ही. मी वर्तमानपत्राची घडी घातली.

त्यानंतरचे रविवार मला अजून वासाने आठवतात. मध लावून बघितला, पाइप चिकट झाला. गुळाचं पाणी शिंपडलं, तर श्रावणातल्या दमट हवेत आठवडाभरात बुरशी धरली. कॉफीचं पाणी तुम्हाला आवडलं, पण "रात्रपाळीला बसल्यासारखं वाटतं" म्हणून नको झालं. आणि प्रत्येक वेळी पाइप भरताना तुम्ही काहीतरी सांगता आहात. वर्कशॉपमध्ये इंधनाजवळ काडी ओढायची सोय नाही, म्हणून शिफ्टभर पाइप नुसता दातात धरायचा. "अर्धं आयुष्य मी न पेटवलेला पाइप ओढलाय." मी हसते. मग मी तुम्हाला सभेतलं सांगते, कुठल्या वस्तीत नळ आला, कुठे बायकांनी गुत्ता बंद पाडला. तुम्ही ऐकता आणि मध्येच म्हणता, "तू सुरुवातीलाच फार ओरडतेस. मग पुढे चढायला जागा उरत नाही."

"तुम्ही कधी ऐकलंत मला?"

"जोगेश्वरीला."

"तिथे कशाला गेला होतात?"

"भाजी आणायला."

अंधेरीचा बाजार खिडकीतून दिसतो आणि माणूस भाजीला जोगेश्वरीला जातो! पण त्यानंतरच्या माझ्या भाषणांची सुरुवात खालच्या आवाजात होते आहे, आजपर्यंत.

काकवीची कल्पना तुमचीच. गावाहून कुणी बाटली आणली होती. आधी बर्ली जरा भाजायची, म्हणजे तिचा चावरेपणा जाईल, आणि गरम असतानाच काकवी पातळ करून चोळायची. भाजायची कशावर? तवा होता की. मी स्टोव्हवर तवा ठेवला आणि उलथण्याने तंबाखू परतायला लागले. तुम्ही मागे उभे राहून हुकूम सोडताय, "आच कमी कर, करपेल." सगळ्या मजल्यावर तो खमंग, घशात बसणारा वास गेला. आणि दारात शेजारच्या वहिनी, पदर नाकाला लावून. त्या मालवणच्या. आठवडाभरापूर्वीच मी त्यांच्या हातातली मशेरीची डबी सगळ्या बायकांसमोर गॅलरीतून खाली टाकायला लावली होती.

"गो बाय माझ्या! मशेरी भाजतंस?" वहिनी तव्याकडे बघत राहिल्या. "आनि आमका सभेत गाळी घालतंस?"

"वहिनी, ही मशेरी नाही. ही पाइपची आहे, अण्णांची."

"तंबाखू ता तंबाखूच मां? तव्यार भाजली की मशेरी. ह्यांची चांदीच्या डब्यात ऱ्हवता, आमची पत्र्याच्या, इतकोच फरक."

मी सुरू झाले. उलथणं हातात धरून मी त्यांना फरक सांगायला लागले. माणूस स्वतः निवडतो ते व्यसन कोणतं, गरिबीने गळ्यात बांधलेलं कोणतं, कष्टकरी बाईची भूक मारण्यासाठी कोण काय विकतं. मुद्दे बिनतोड होते आणि तवा धुरकटत होता. तेवढ्यात तुम्ही मागून म्हणालात, "छान चाललंय. पण टाळ्या कोण वाजवणार? मी उलथणं धरतो, वहिनी तुम्ही वाजवा." वहिनी पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. तुम्ही तर भिंतीला हात टेकून हसलात. आई गेल्यापासून मी तुम्हाला असं हसताना पाहिलं नव्हतं. आणि त्या हसण्यातूनच तो खोकला सुरू झाला. थांबेचना. वहिनींनी पाणी आणलं, मी पाठ चोळली. तवा तसाच राहिला आणि ती सगळी तंबाखू करपली.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती ऐकली, चष्म्यावरून तुमच्याकडे बघितलं. "पाइप बंद करा. आज केलात तर बरं." तुम्ही जिना चढून घरी आलात. मग खुर्चीत बसून म्हणालात, "एक ठरवू. काकवीचा घाणा अजून एकदा लावू. जमला तर जमला. नाही जमला, तर पाइप कपाटात. ती बेचव बर्ली ओढत जगायची मला हौस नाही." आणि बर्लीचा पुडा माझ्याकडे सरकवत, "घाणा तू लाव. माझा हात कापतो."

अण्णा, तुम्ही ते माझ्या हातात दिलंत. मला काही करायची गरजच नव्हती. आच थोडी मोठी ठेवली असती, काकवी थोडी जास्त पडली असती, तरी पुरलं असतं. तुम्ही एक झुरका घेऊन "ओलं गोणपाट" म्हणाला असतात आणि पाइप कायमचा कपाटात गेला असता. जे मी परक्या बायकांना हात जोडून सांगत होते, ते माझ्या घरात आपोआप झालं असतं. आणि मी काय केलं? बर्ली मंद आचेवर परतली, करपू दिली नाही. काकवी फडक्यातून गाळली. हाताने एकेक धागा सुटा करून चोळली, वर पाट ठेवून त्यावर वरवंटा ठेवला. आठवडाभर मुलुंडहून मनातल्या मनात तो वरवंटा बघत होते. त्याच आठवड्यात भांडुपला माझं तंबाखूविरुद्ध भाषण झालं. फार चांगलं झालं म्हणतात.

रविवारी तुम्ही पाइप भरलात. तंबाखू अंगठ्याने दाबलीत, काडी ओढलीत. एक झुरका, दुसरा. गॅलरीबाहेर बघत राहिलात. मी बांगड्याला मीठ लावता लावता हात थांबवून उभी होते. तुम्ही म्हणालात, "हं. हेच ते."

त्यानंतर तुम्ही काही वर्षं होतात. दर रविवारी मी ताजा घाणा लावायची, आपण बोलत बसायचो. तुमची गॅलरी हे माझं या जगातलं सगळ्यात आवडतं ठिकाण झालं होतं. मग तुमचा श्वास अपुरा पडायला लागला. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारलं, पाइपने झालं का? ते म्हणाले, वय आहे, हृदय आहे, पाइपही असेल, काय काय म्हणून सांगायचं? मी माईकवर अशा उत्तराच्या चिंधड्या उडवल्या असत्या. तिथे मी मान डोलावून बाहेर आले.

मला हे सुटत नाही. मी तुम्हाला मारलं, असं म्हणावं तर वहिनी सांगतात, "त्येंका तू ती वर्सा दिलंस." ती वर्षं दिली म्हणावं, तर कांदिवलीच्या त्या बाईला मी काय सांगू? जा, नवऱ्याला विडी चांगली वळून दे? तोंडात ते वाक्य धरवत नाही. आणखी एक आहे. तुमच्या जुन्या डब्याचा वास मला लहानपणापासून पाठ होता. काकवीच्या बर्लीला तो वास नव्हता. जवळपासही नव्हता. मग तुम्ही "हेच ते" कशाला म्हणालात? तुमची जीभ विसरली होती, की तुम्हालाही काही हवं होतं? मी तेव्हा विचारलं नाही, कारण उत्तर काहीही आलं असतं तरी मला घाणा लावायचा होता.

पुढच्या शनिवारी मला पुन्हा कांदिवलीला बोलावलं आहे. ती बाई येईल, पुढच्या रांगेत बसेल. तिला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. हा कागद कुणाच्या हाती जायचा नाही, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. त्या आठवड्यात काकवी गाळताना तुमच्या छातीचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, अण्णा. मी एवढंच म्हणत होते, जमू दे, म्हणजे पुढच्या रविवारी मला तुमच्याकडे यायला काहीतरी राहील.