गुळात घोळलेलं मटण

भिगवण,
बुधवार

प्रिय सृष्टी,

पत्र बघून हसशील. बारामती म्हणजे एसटीनं तासाभराची वाट, हातात फोन आहे, आणि ही बाई पत्र लिहीत बसलीय! पण फोनवर सुरू झाले की माझा आवाज चढतो, हे तुला चांगलं माहीत आहे. दुसऱ्या वाक्याला मी झापायला लागते, तू 'हो आत्या, हो आत्या' करतेस आणि मुद्दा राहतो बाजूला. म्हणून लिहिते. सासू सातवी शिकलेली आहे, चुका पोटात घाल.

त्या मंगळवारी तू चूल सोडलीस, चार दिवसांनी स्वरूपाला कडेवर घेऊन माहेरी गेलीस, त्याला आता पाच आठवडे झाले. रविराजला वाटतंय आईचं आणि बायकोचं भांडण आहे, निवळेल. भांडण नाही ते. तेच सांगायचंय.

पण आधी एक स्पष्ट सांगते, उगाच गैरसमज नको. तुझे ते गोळे मला अजूनही किळसवाणेच वाटतात. शी! खिमा म्हणजे कसा, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रटरटला पाहिजे, वर लाल तर्री आली पाहिजे. आणि तू काय केलंस? बादशाहभाईकडचा चांगला कोवळ्या बोकडाचा खिमा परातीत घेतलास, त्यात अंडं फोडलंस, पावाचा चुरा कालवलास, पातीचा कांदा घातलास आणि ते लिबलिबीत प्रकरण तळव्यावर वळत बसलीस. मी पाठ करून भाकरी थापत होते, तरी तो पचपच आवाज कानात येत होता. बरं, तळले, तिथं तरी थांबायचं की नाही? कढईत ते सोयाचं काळं पाणी ओतलंस आणि त्यात गूळ. मटणात गूळ, बाई! वर व्हिनेगर, मिरचीचा सॉस, कॉर्नफ्लॉवरची पेज. बघता बघता ते ट्रॅक्टरच्या जळक्या ऑइलसारखं काळं, दाट, चकचकीत झालं. त्यात गोळे घोळवलेस आणि वरून पांढरे तीळ पेरलेस. भांडी घासता घासता सारजा माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, 'बाय, ह्यें तर तिळगुळात बोकड घातलंया.' मी तोंडाला पदर लावून हसले.

तुझा जीव त्या गोळ्यांत का अडकला होता, ते मला ठाऊक होतं. लग्नाआधी पुण्यात दोन वर्षं हॉटेलचं शिकलीस आणि लग्नानंतर चार वर्षं आपल्या खानावळीत माझ्या हाताखाली कांदे चिरलेस. एमआयडीसीतल्या त्या कंपनीत कोरियाचे साहेब आलेत, त्यांना आपलं तिखट झेपत नाही, म्हणून आठवड्यातून दोन दिवस त्यांचं जेवण करून द्यायचं. ते काम तुझं होतं. माझं नाही, रविराजचं नाही, तुझं एकटीचं. कँटीनच्या रोहिणी मॅडम त्या दिवशी चव बघायला मुद्दाम आल्या होत्या. सकाळपासून तू पाणीसुद्धा प्यायली नव्हतीस.

आता माझ्या नाकाचं. बावीस वर्षं आपल्या दारात एकच रिवाज आहे. मटण आलं की आधी मी नाकाला लावणार, मग ते काट्यावर चढणार. बादशाहभाई एवढा जुना खाटीक, पण तोही पिशवी पुढं करून, मी मान हलवेपर्यंत गप उभा राहायचा. गावात कुणाच्या कार्यात रश्श्याची शंका आली की मला बोलावणं यायचं. 'प्रयागबाईनं वास घेतला का?' एवढं कुणी विचारलं की विषय संपायचा. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू.

तू बशीत पाच गोळे मांडून माझ्यापुढं धरलेस. मॅडम दोन खाऊन तिसऱ्याला काटा लावत होत्या, चांगलं झालंय म्हणत होत्या. मी गोळा तोंडाशी नेला आणि नाकात भपकन घाण शिरली. गटारात उंदीर मरून फुगावा, तशी. बशी फरशीवर आदळली आणि मी ओरडले, 'मटण नासलंय! थुका आधी, थुका!' दुपारी दीडला, भरल्या खानावळीत. मॅडम तोंडाला रुमाल लावून बाहेर धावल्या आणि पायरीशी ओकल्या. दोघातिघांनी ताटं सरकवली. एकानं कुणी गोळा उचलून स्वतः हुंगला असेल तर शपथ. माझ्यापुढं कोण हुंगणार?

तू मात्र हुंगलास. मी बघत होते. कढईवर वाकून एकदा, मग दुसऱ्यांदा, मग गोळा फोडून आतून. आणि माझ्याकडं बघून म्हणालीस, 'आत्या, मला वासच येत नाहीये. मला का कळलं नाही?' त्यावर मी काय बोलले? 'नाक काय दाखवायला ठेवलंय का?' सगळ्यांसमोर. मग तू सगळी कढई मागच्या खड्ड्यात ओतलीस आणि राखेनं कोपरापर्यंत हात घासत बसलीस. मी बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी बादशाहभाई आला. एरवी आत येऊन हक्कानं चहा मागणारा माणूस पायरीवरच थांबला. म्हणाला, 'प्रयागताई, त्याच बोकडाचा पाय मी घरी न्हेला व्हता. मेहबूबबीनं शिजवला, पोराबाळांनी खाल्ला. सकाळी कापल्यालं जनावर दुपारपतुर नासतंय व्हय?' मी म्हणाले, उन्हाचे दिवस आहेत. कसले उन्हाचे दिवस, डिसेंबर चालला होता! तो स्वेटर घालून उभा होता. चहा न मागताच गेला.

सृष्टी, मटण चांगलं होतं. नासलंय ते माझं नाक.

मागच्या नाही, त्याच्या मागच्या गणपतीत मला ताप आला होता बघ, आठ दिवस अंथरुणात होते. त्या तापात वास पार गेला. दोन महिन्यांनी आला, तो असा बिघडून आला. कांदा परतला की घाण, लसणाची घाण, अंड्याची घाण, आणि मटण शिजायला लागलं की विचारू नकोस. वर्षाच्या वर झालं, रोज मी त्या चुलीपुढं ओकारी दाबून उभी राहते. तुम्हाला वाटलं आत्यानं कसला तरी नेम धरलाय म्हणून दहीभात खाते. कसला नेम अन् कसलं काय! दुसरं काही घशाखाली उतरत नाही. रस्सा हाताच्या अंदाजावर होतो, मीठ सारजाला बघायला लावते. आणि सकाळी मटण नाकाला लावते ना, तेव्हा श्वास रोखलेला असतो. रंग बघायचा, अंगठ्यानं दाबायचं, मान हलवायची. बादशाहभाई सचोटीचा, म्हणून निभावलं. त्या दिवशी तुझ्या बशीपुढं श्वास रोखायचा राहून गेला.

ओरडले तेव्हा मला खरंच नासलंय वाटलं होतं, देवाशपथ; ती घाण रोजच्यापेक्षा वेगळीच होती. पण तू कढईवर वाकलीस तेव्हा मला कळून चुकलं होतं. तेव्हा एक शब्द बोलले असते तर सगळं तिथंच निस्तरलं असतं. पण मग भरल्या खानावळीला कळलं असतं ना, मटणाची खानावळ चालवणारीला मटणाच्या वासानंच मळमळतं! लोक टाळ्या देऊन हसले असते. म्हणून मी गप्प बसले आणि तुला खोटं पडू दिलं. तुझ्या गोळ्यांची किळस येते म्हणाले ना? माझी मला त्याच्या शंभरपट येते. वेणी घालताना आरशात बघवत नाही.

काल बादशाहभाईच्या दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकं उभी असताना सगळं सांगितलं. तो सुरीच पुसत राहिला. मेहबूबबीनं आतून चहा आणून दिला. रविराजला काल दुपारी जेवताना सांगितलं. तो अर्ध्या ताटावरून उठला. आज सकाळच्या एसटीनं बारामतीला आले होते, एमआयडीसीत. गेटवरच्या वॉचमननं तासभर बसवलं, बसले. रोहिणी मॅडम ऐकून घेऊन म्हणाल्या, 'काकू, हे त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं.' काम अजून कुणाला दिलेलं नाही, पण बोलणी सृष्टीशीच करेन, तुमच्याशी नाही, असं तोंडावर सांगितलं. बरोबरच केलं. फोन करायचा की नाही ते तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. तिथून तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते. तुझी आई दारात गहू निवडत बसलेली दिसली, आणि धीर झाला नाही. परत फिरले. हे पत्र रविराजच्या हाती देतेय.

आता एवढे दिवस गप्प बसून आजच का लिहायला बसले, ते सांगते. नाहीतर मेले असते तरी हे तोंडातून काढलं नसतं, तू मला ओळखतेस. रविवारी रविराज तुमच्याकडून आला आणि सहज बोलून गेला. म्हणाला, 'सृष्टी स्वरूपाला दूध द्यायच्या आधी चार-चार येळा वास घेती. मग तिच्या आईला घ्यायला लावती. त्या चांगलं हाय म्हणत्यात, तरी मोरीत ओतून देती आन् पोरगी रडत बसती.' मी भाकरी उलथत होते, हात तसाच तव्यावर राहिला. खानावळ जाऊ दे खड्ड्यात, तुझे ते गोळेही जाऊ देत, तुला इथं परत यायचं नसेल तर येऊ नकोस, मी एका शब्दानं बोलणार नाही. पण माझं एवढं ऐक. तुझं नाक चांगलं आहे, सृष्टी. त्या दिवशीही त्या सगळ्या माणसांत तुझंच एकटीचं बरोबर होतं. पोरीला भूक लागली की दुधाचा एकदाच वास घे, आणि दे तिला.

तुझीच,
आत्या