आत्याचे दात आणि चाळीस मिनिटांचं विमान

तीर्थरूप आत्याबाईंस,

दातवाल्या भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? (हिरड्यांबद्दल विचारायची माझी हिंमत नाही.) पत्र रागाने उघडलं असेल, तरी शेवटपर्यंत वाचावं.

तुमची नवी कवळी सत्काराच्या आदल्या दिवशीच तयार होती. पुढचा दात तुम्ही सांगितला तसा किंचित वाकडा ठेवलाय, म्हणजे खरा वाटतो. बसने घाटातून यायचं तर अख्खा दिवस जातो. नकाशावर मात्र आपली दोन्ही गावं माझ्या एका अंगठ्याखाली झाकली जातात, आणि नवं विमान म्हणे चाळीस मिनिटांत पोचवतं. म्हटलं, जन्मभर मुलांना बोलायला शिकवलेल्या बाईंनी स्वतःच्या सत्काराला तोंड मिटून बसायचं? छे! मी स्वतःच दात घेऊन निघालो.

विमानतळ आमच्या बसस्थानकापेक्षा लहान. विमान इतकं चिमुकलं की प्रवाशांनाही काट्यावर उभं करून वजन मोठ्याने पुकारतात. (बायको शेजारीच होती. मी घरी सांगतो त्यापेक्षा बरंच निघालं.) मला शेपटाकडे बसायला सांगितलं. मग तपासणीवाल्याने दातांची डबी उघडली.

"हे कोणाचे?"

"आत्याचे."

"आणि आत्या कुठे आहेत?"

"तिकडे. दातांची वाट बघताहेत."

त्याने साहेबाला बोलावलं. साहेबांनी दात न्याहाळले, मीच बनवलेत म्हटल्यावर मला बाजूला घेतलं आणि स्वतःची खालची कवळी काढून हातावर ठेवली, हलते म्हणाले. ती घासून बसवेपर्यंत विमान थांबवून ठेवलं होतं.

उडालो, आणि नीट टेकून बसतो न बसतो तोच तुमचं गाव! शपथेवर सांगतो, शाळेचं मैदान दिसलं, सत्काराचा मांडव दिसला. पण विमान नुसतंच घिरट्या घालू लागलं. वैमानिक म्हणाला, धावपट्टीवर गाढवं आहेत, हाकलायला माणूस गेलाय. थोड्या वेळाने म्हणाला, माणूस दमलाय. मग इंधनाकडे बघून त्याने विमानाचं तोंड फिरवलं, ते थेट आमच्या गावी. दीड तास उडून मी जिथून निघालो तिथेच उतरलो. मला सोडायला आलेली बायको फाटकाशी अजून रिक्षा शोधत होती. "विसरलात काही?" म्हणाली.

तुम्ही दातांवाचूनच बोललात, हे धाकट्या आतेबहिणीने फोनवर सांगितलं. पण पुढची गोष्ट तुमच्यापर्यंत कोणी पोचवली नसेल. वर्गांचं छप्पर गळतं म्हणून तुम्ही शाळेच्या अध्यक्षांना भर सभेत चारदा 'नालायक' म्हणालात ना? लोकांना ते 'नायक' असं ऐकू आलं. अध्यक्षांचे डोळे भरून आले आणि त्यांनी तिथेच नवं छप्पर जाहीर केलं. टाळ्या त्यासाठी होत्या.

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा.

आपला,
भाचा

ता. क. छपराचं काम अर्धं झालंय असं कळतं. तेव्हा शेवटचा पत्रा बसेपर्यंत दात मागू नयेत, आणि अध्यक्ष भेटल्यास नुसती मान हलवावी.

ता. क. दोन. मागितलेत तरी देता येणार नाहीत. माझ्या सासऱ्यांनी सहज म्हणून घालून बघितले, आणि चपखल बसले. आता काढायला तयार नाहीत. माप द्यायला तुम्हीच एकदा याल का? सासरेही तुमची आठवण काढतात. कालच तुमची चौकशी केली, अगदी तुमच्यासारखं हसून.