लूमच्या शेडमधले बोल्ट

शनिवार, १२ मे २००७

आज शिबिराचा शेवटचा दिवस, आणि भाव खाऊन गेले ते आमचे अण्णा. माझे वडील!

आजूबाजूच्यांनी आपापल्या यंत्रमागांच्या शेड पाडून गोदामं बांधली. अण्णांनी लूम विकले, पण शेड पाडली नाही, म्हणून तर दर मे महिन्यात मी तिथे मुलांचं शिबिर घेते. लूम घट्ट बसवायचे बोल्ट अजून जमिनीत आहेत. मुलं ठेचकाळतात, म्हणून उद्या ते कापायला माणूस बोलावला होता.

आज मुलांनी विचारलं, हे बोल्ट कशाचे? मी अण्णांना पुढे केलं खरं, पण लूमच्या खडखडाटात कान गेलेत त्यांचे. प्रश्न ऐकू येणार कसे?

अण्णा सरळ एका बोल्टपाशी जाऊन उभे राहिले. "हितं माझा लूम व्हता. आवाज येवढा, का बोलून उपेग न्हाय. आम्ही हातानंच बोलायचो."

आणि दाखवायलाच लागले. अंगठा ओठांकडे, म्हणजे पाणी. बोटांची कात्री, म्हणजे धागा तुटला. मनगटावर टिचकी, म्हणजे शिफ्ट संपली.

थोड्या वेळात एकेक मूल एकेका बोल्टपाशी! शेडभर गप्पा, आणि आवाज नाही. निघताना सगळ्यांनी लांबूनच मनगटावर टिचकी मारली. अण्णांनी प्रत्येकाला उत्तर दिलं.

बोल्ट राहू देत. त्या माणसाला नको म्हणून कळवलं.

संध्याकाळी अण्णांना जेवायला बोलवताना मी नेहमीसारखी ओरडणार होते. थांबले. बोटांचा घास करून तोंडाकडे नेला.

अण्णा पहिल्याच हाकेला उठले.