आमेन राहिलेली प्रार्थना

२ मार्च
पोचले एकदाची! चर्चच्या पाळकांची बहीण, जिला सगळी मंडळी आत्याच म्हणते, फाटकापर्यंत आली आणि माझी बॅग हिसकावूनच घेतली. मला वरची खोली दिली आहे. खिडकीतून चर्चचं छप्पर आणि समोर न्हाव्याचं दुकान दिसतं. गादी मऊ आहे; कपाटाचं दार लागत नाही, पण एवढं चालायचंच. इस्पितळातल्या धावपळीनंतर एकच पेशंट म्हणजे मला सुट्टीच.

पेशंट म्हणजे पाळकांची आई. आजी मूठभर राहिली आहे, डोळे मात्र तल्लख. डॉक्टरांनी हात टेकले म्हणून आम्ही हात ठेवले, असं आत्या हसत म्हणाली. पाळक बोलत नाहीत. नुसते मान डोलावतात आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटतात. भक्त माणूस दिसतो.

५ मार्च
या घरची रीत मला नवीन आहे. मीही लहानपणापासून चर्चला जाते. आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची, आमेन म्हणायचं आणि चहाला उठायचं, एवढंच मला ठाऊक. इथे आमेन म्हणतच नाहीत. पाळकांनी आजीच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली, ती अजून चालूच आहे. एकाची पाळी संपत आली की दुसरा शेजारी येऊन बसतो, पहिल्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच उचलतो, मग पहिला हात काढतो. आजी स्वतःच्या पायांनी उठेल तेव्हाच आमेन, आणि तोही ज्याने सुरू केली त्यानेच म्हणायचा. मध्येच संपवणं म्हणजे अविश्वास. न्हावी तर गिऱ्हाईक खुर्चीत टाकून येतो! आत्या तेवढी पाळी घेत नाही. घर कोण बघणार, म्हणते.

माझ्याकडे अंग पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं. पेज ओठांवरून परत येते.

११ मार्च
न्हाव्याकडे केस कापून घेतले. मला वाटायचं, तो गाणं गुणगुणतोय. आज जवळून ऐकलं. प्रार्थना होती. कात्री चालू, ओठही चालू. प्रभूला जरा उसंत द्या की, असं मी थट्टेने म्हटलं. तो हसला नाही. आरशात त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि मी वरमले.

आजीच्या पाठीला जखम आहे. धुताना रक्त येत नाही. आत्याला सांगितलं तर तिने विषयच बदलला.

१६ मार्च
न्हावी तापाने पडला म्हणून आज त्याच्या पाळीला मला बसवलं. नाही कशाला म्हणू? देव आपलाच, शब्दही आपलेच. पाळक कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. खोलीत आम्ही दोघीच. मध्येच मला सणसणीत शिंक आली, हात सुटला आणि प्रार्थना तुटली.

त्याच क्षणी आजीचा श्वास थांबला. नाडी लागेना. चेहरा सैल पडला, दूध पिऊन झोपलेल्या बाळासारखा. इतकी वर्षं नर्स आहे मी, तो चेहरा मला ओळखता येतो. ती सुटली होती. आणि मी मूर्ख बाई घाबरले! नर्सच्या हातून पेशंट गेली असं होऊ नये म्हणून हात पुन्हा ठेवला आणि ओरडले, प्रभू, हिला उठव.

आजीने डोळे उघडले आणि ती रडायला लागली. थांबली होतीस ना गं बाई, मग पुन्हा कशाला, असं म्हणाली. फार अपराधी वाटतंय मला. उद्या पाळीला बसले की मुद्दाम थांबेन. नोकरी गेली तरी बेहत्तर.

१७ मार्च
थांबता येत नाही.

तोंड गच्च दाबून धरलं. ओठ तळव्याखाली हलतच राहिले. प्रभू, हिला उठव. घास चावतानाही तेच. पाळी संपली, हात काढला, खोलीत आले, तरी तेच.

पाळकांना कागदावर लिहून विनवलं की तुम्ही सुरू केली, तुम्हीच संपवा. ते ढसाढसा रडले — ओठ चालूच — आणि खाली लिहिलं: माझी काल तुटली. लग्नघरात ओठ थांबले, मी देवाचे आभार मानले. मग पुन्हा सुरू झालं. आता चालू आहे ती तुमची आहे.

माझी.

१८ मार्च
पळाले. बसमध्ये बसले सुद्धा. कंडक्टरने कुठे जायचं विचारलं — सांगता येईना. प्रभू, हिला उठव. लोक सरकून बसले. त्याने उतरवलं.

आत्या फाटकाशी उभी होती. रागावली नाही. न्हावीही सुरुवातीला असाच पळून जायचा, म्हणाली.

२० मार्च
न्हाव्याचा ताप उतरेना, म्हणून त्याच्या कपाळावरही आता हात ठेवलाय. दुसरी खाट लावली. तो डोळ्यांनी नको नको म्हणत —

निदान वहीत तरी शब्द माझे आहेत. इथे मला हवं ते प्रभू हिला उठव लिहिता —

हे मी लिहिलं नाही.

२१ मार्च
डावा हात आजीच्या कपाळावर. उजव्यात पेन. ती वहीकडे बघते, मग माझ्याकडे. कळलं मला. तोंडाने होत नाही ते हाताने — लिहिलं की संपेल. ती जाईल. सगळे सुटतील. मागच्या पानांवर किती सहज लिहिला होता मी तो शब्द.

प्रभू हिला उठव

नाही. थांब आजी. लिहिते. प्रभू येशूच्या नावाने मागते, आ — हात ओढतोय — आमे — प्रभू, हिला उठव, प्रभू, हिला