अठ्ठ्याण्णव सालचे पंचांग

मेलकावेरी, कुंभकोणम्
२२ ऑक्टोबर २०२६

ती. आत्यास,
पवित्राचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी फोनशी काडीमोड घेतला आणि मला पत्रांची गोडी लागली, हे त्यातल्या त्यात बरे झाले. बातमी मात्र वाईट आहे. आयुधपूजेला अप्पाजींच्या जुन्या संगणकाला चंदन-कुंकू लावले आणि दुसऱ्याच दिवशी त्याने धूर सोडला. अप्पाजींनी स्वतः लिहिलेले पंचांग त्यातच आहे. महिना आणि तिथी दिली की ते तारीख आणि वार सांगते. आपल्या मराठी घरांची श्राद्धे आजवर त्यावरच ठरली. तंजावरचे भटजीसुद्धा दिवस अप्पाजींनाच विचारत आले.

आता आईचे वर्षश्राद्ध तोंडावर आले आहे आणि अप्पाजी गप्प गप्प असतात. चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधतात. स्वतःच्या मुलाला, साईकुमारला, तुझ्या मुलाच्या नावाने हाक मारतात. साईकुमार म्हणतो, श्राद्ध आटोपले की त्यांना कोईमतूरच्या वृद्धाश्रमात ठेवायचे, त्याचे बोलणेही झाले आहे. मला ते ऐकवत नाही. ते पंचांग पुन्हा चालू झाले आणि अप्पाजी पूर्वीसारखे त्यापुढे बसले, तर साईकुमारचे मन वळेल असे वाटते. शाळेत मुलांना संगणक शिकवते, एवढे तरी जमायला हवे.

गुडघ्यांना तेल लाव. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझी पवित्रा


सेलम
२७ ऑक्टोबर २०२६

चि. पवित्रा हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या अण्णाला वृद्धाश्रमात! वाचून हातातली कॉफी तशीच निवली. वत्सलावहिनी असती तर कोणाची छाती झाली असती हे बोलण्याची? साईकुमारला माझ्याकडून सांग, लहानपणी तापात फणफणलास तेव्हा तुला खांद्यावर टाकून पापनाशमपर्यंत वैद्याकडे कोण चालत गेले होते ते जरा आठव.

तू त्या यंत्राच्या नादी लागून जेवण विसरू नकोस. आमचा अण्णाही तसाच होता. वहिनी ताट झाकून बसायची आणि हा पडद्यात डोके घालून. श्राद्धाचा दिवस ठरला की लगेच कळव, मला तिकीट काढायचे आहे.

सर्वांना आशीर्वाद. म्हातारीची आठवण ठेव, एवढेच मागणे.
तुझी आत्या, रुक्मिणी


मेलकावेरी
३ नोव्हेंबर २०२६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

यंत्र चालू झाले! जुन्याची डिस्क शाबूत होती. माझ्या नव्या संगणकाच्या आत एक खोटा जुना संगणक उभा केला आणि त्यात विंडोज अठ्ठ्याण्णव घातले. ते काय हटून बसले म्हणतेस! म्हणे मेमरी अपुरी आहे. खरे तर ती त्याला झेपणार नाही इतकी जास्त होती. कमी करून दिली तेव्हा उठले. मग अप्पाजींचा प्रोग्राम बंद पडायला लागला, कारण आजची यंत्रे त्याच्या मानाने फार वेगाने धावतात. वेग कमी केला. आजच्या सनावर पुन्हा अडेल म्हणून त्याला सालच १९९८ सांगितले. त्या वर्षाचे आणि यंदाचे वार तारखेला तारीख जुळतात, शाळेतल्या जुन्या यंत्रांनाही आम्ही असेच फसवायचो.

आईची तिथी, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, दिली. उत्तर आले, शुक्रवार, २० नोव्हेंबर. मागल्या वर्षी आई २१ नोव्हेंबरला गेली, म्हणजे एकाच दिवसाचे अंतर. मी आनंदाने अप्पाजींना खुर्चीत आणून बसवले. त्यांनी पडदा पाहिला, बोटांची पेरे मोजली आणि म्हणाले, हा दिवस नव्हे, डिसेंबरची दहा, गुरुवार. मी पुन्हा दाखवले. पुन्हा तेच. शेवटी उठून गेले.

साईकुमार म्हणाला, बघ, स्वतः लिहिलेले पंचांगही आता त्यांना पटत नाही. अप्पाजींना वाचवायला गेले आणि मीच त्यांची पेटी भरली. तू २० तारखेच्या हिशेबाने ये.

माझ्या वेडेपणासकट माझ्यावर माया कर.
तुझी पवित्रा


सेलम
७ नोव्हेंबर २०२६

चि. पवित्रा हीस,
अ. उ. आ.

अगं, तुझे डोके ठिकाणावर आहे का? २० तारखेला कार्तिकी एकादशी आहे! आपण पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाची माणसे. त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटत नाही आणि तू पानावर वडे वाढणार? एकादशीला प्रतिपदा कुठून आणलीस?

यंदा उन्हाळ्यात अधिक ज्येष्ठ होता, महिनाभर पहाटे अंघोळ करून मला पडसे झाले, तुला कळवलेही होते. वर्षात महिना वाढला तर तिथी पुढे जाणारच. चंद्र काय वारांवर चालतो? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते हेच. अण्णा बरोबर सांगतो आहे. हे पत्र साईकुमारला मोठ्याने वाचून दाखव.

रागावले असले तरी आशीर्वाद तेच.
तुझी आत्या


मेलकावेरी
१२ नोव्हेंबर २०२६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून मी तशीच संगणकापुढे बसले. ते १९९८ ची प्रतिपदा सांगत होते, म्हणून यंत्राला २०२६ साल दिले. ते मुळीच अडले नाही. लगेच उत्तर आले, गुरुवार, १० डिसेंबर. ज्यांचे डोके गेले असे आम्ही धरून चाललो होतो, त्यांनी ते पेरांवर काढले होते. साईकुमार पडद्याकडे बघतच राहिला. मग आत जाऊन त्याने अप्पाजींच्या पायांवर डोके ठेवले आणि माझ्यासमोर कोईमतूरला फोन करून नको म्हणून कळवले. मी रडत होते आणि हसतही होते.

अप्पाजी खूष झाले. म्हणाले, "मग वत्सलेला सांगा, गुरुवारी श्राद्धाचा स्वयंपाक आहे. लवकर उठावे लागेल."

साईकुमारने हळूच विचारले, की अप्पा, श्राद्ध कोणाचे आहे? तर म्हणाले, "तुम्ही तिथी विचारलीत, मी सांगितली. कोणाचे ते विचारणाऱ्याला ठाऊक."

वर्षभर त्यांनी आईचा विषय काढला नाही, ते आम्ही दुःख समजत होतो. ती माजघरात आहे असेच ते धरून आहेत. मग साईकुमार कसाबसा म्हणाला, सांगतो अप्पा. मला भीती वाटली, आता हा पुन्हा कोईमतूरचे नाव काढणार. पण बाहेर येऊन तो म्हणाला, की अशा माणसाला आता परक्यांत कसे सोडायचे?

दिवस आता तोच राहील, त्यांनी सांगितलेला. त्या दिवशी भटजी आईचे नाव मोठ्याने घेतील, साईकुमार तिला तीळपाणी देईल आणि अप्पाजी समोर बसलेले असतील. ती गेल्याचे त्यांना तेव्हा जणू पहिल्यांदा कळेल. आम्हा दोघांना ते सोसणार नाही. तू आदल्या दिवशीच ये आणि त्यांचा हात धरून बस.

माया असेल तेवढी सगळी घेऊन ये.
तुझी पवित्रा